बाळ थाळीच्या आवाजाला दचकतं, मग ऐकू येतंय ना? एक निळा डोळा, वडिलांची पांढरी बट आणि बेरा तपासणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली तुमची पुतणी ७ महिन्यांची आहे. जन्मानंतरच्या कानाच्या तपासणीत दोन्ही कानांना 'रेफर' (म्हणजे पुन्हा तपासा) आलं, पण परत नेलं नाही. थाळी वाजवली की दचकते, हाकेला मात्र वळत नाही. एक डोळा निळा आहे. तिच्या वडिलांच्या कपाळावर लहानपणापासून पांढरी बट आहे. आईवडील आते-मामे भावंडं. आता बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, हे झोपेत मोजणारी तपासणी) करायला सांगितली आहे आणि आजी म्हणतात, "बापही तीन वर्षांनी बोलला, थांबा." थांबावं का, हे कशानं झालं, आणि पुढच्या मुलाचं काय?

थांबू नका. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत ऐकण्याचं मशीन, असा क्रम जगभर सुचवला जातो. तुमच्या हातून त्यातला महिनाभर आधीच गेला आहे. आजींनी सांगितलेली गोष्ट खरी असेल, पण ती थांबण्याचं कारण नाही, ती डॉक्टरांना सांगायची माहिती आहे. वडिलांना पांढरी बट आहे आणि ते उशिरा बोलले. त्यांनाही एका कानाला कमी ऐकू येत असण्याची शक्यता आहे. त्यांनी फोन आयुष्यभर एकाच कानाला लावला असेल तर हे घरात कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. बाळासोबत त्यांचीही ऑडिओमेट्री (मोठ्यांची ऐकण्याची तपासणी) करून घ्या.

थाळीचं म्हणाल तर त्या तपासणीवर मी अजिबात विसंबत नाही. थाळी जवळून वाजवली की हवेचा झोत लागतो, हात हललेला दिसतो, फरशीतून किंवा पाळण्याच्या दांडीतून हादरा पोचतो. बाळ त्यानेही दचकतं. शिवाय थाळीचा आवाज बोलण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. तो ऐकू आला तरी 'स', 'श', 'त', 'क' ही अक्षरं ऐकू येतात असं होत नाही. ऐकू न येणारी बाळंही पाच-सहा महिन्यांपर्यंत हुंकार देतात, हसतात, आवाज काढतात. म्हणून घरच्यांना शंका उशिरा येते.

बेराच्या दिवशी काय करायचं ते नीट सांगतो, कारण निम्म्या खेपा इथंच वाया जातात. आदल्या दिवशी बाळाचं डोकं साबणाने धुवा आणि त्यानंतर टाळूला, कपाळाला, कानामागे तेलाचा थेंबही लावू नका. तिथेच इलेक्ट्रोड चिकटवायचे असतात. तेलकट कातडीवर ते धरत नाहीत आणि आलेखात नुसता खरखराट येतो. सकाळी लवकर उठवा, प्रवासात झोपू देऊ नका. बसच्या हेलकाव्यात बाळ झोपतं आणि दवाखान्यात पोचलं की टक्क जागं होतं, हे ठरलेलं. इलेक्ट्रोड लावून झाल्यावर पाजा म्हणजे तिथेच झोप लागेल. झोपेचं औषध लागलंच तर ते दवाखान्यातच, डॉक्टरांसमोर द्यायचं. घरून पाजून नेऊ नका. त्या औषधानंतर श्वासावर लक्ष ठेवावं लागतं.

रिपोर्ट हातात आला की 'बहिरेपण आहे' एवढंच ऐकून उठू नका. प्रत्येक कानाचा आकडा, म्हणजे किती डेसिबलपासून ऐकू येतं ते, वेगळा विचारा. नुसत्या 'क्लिक' आवाजावर केलेली बेरा मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झचा, म्हणजे बारीक आवाजांचा अंदाज देते. क्लिकला ९० डेसिबलवरही लहर दिसली नाही तरी ५०० हर्ट्झला थोडं ऐकू येत असू शकतं. म्हणून जाड-बारीक आवाजांना वेगवेगळं मोजणारी टोन-बर्स्ट बेरा किंवा एएसएसआरही करून घ्या. सोबत ओएई (आतल्या कानातल्या पेशी काम करतात का ते पाहणारी तपासणी) आणि टिंपॅनोमेट्री हवी. टिंपॅनोमेट्रीने पडद्यामागे पाणी साठलंय का ते कळतं. सर्दीत असं पाणी साठतं आणि आकडा खोटा वाढतो. ओएई चांगली आणि बेरा बिघडलेली, असं चित्र आलं तर तो वेगळा आजार आहे, ऑडिटरी न्यूरोपथी. त्यात कानातल्या पेशी काम करतात पण मज्जातंतूकडे संदेश नीट जात नाही. जन्मानंतर कावीळ फार वाढलेल्या बाळांमध्ये हे आढळतं. नुसती ओएई केली तर अशी बाळं 'पास' होऊन घरी जातात.

आता कारण. दोन डोळ्यांचे दोन रंग आणि वडिलांची पांढरी बट हे ऐकल्यावर पहिला संशय वार्डनबर्ग सिंड्रोमचा. वार्डनबर्ग या डच नेत्रतज्ज्ञाने १९५१ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. कातडी, केस आणि बुबुळाला रंग देणाऱ्या पेशी गर्भात एका जागेहून निघून शरीरभर पसरतात. त्यांतल्या काही आतल्या कानातही जातात. तिथे त्यांचं काम रंगाचं नाही, ऐकण्यासाठी लागणारा विद्युतभार टिकवण्याचं आहे. त्या पोचल्याच नाहीत तर डोळा निळा, केस पांढरा आणि कान बंद, तिन्ही एकाच कारणाने होतं. एकाच घरात एकाला नुसती बट, दुसऱ्याला नुसते घारे-निळे डोळे आणि तिसऱ्याला पूर्ण बहिरेपण असू शकतं. घरात जमून आठवा: कुणाचे केस तिशीच्या आत पांढरे झाले, कुणाच्या डोळ्यांचे आतले कोपरे एकमेकांपासून लांब आहेत, कुणाच्या अंगावर जन्मापासून पांढरा डाग आहे. तो कोड समजून सोडून दिलेला असतो. बाळाला सतत बद्धकोष्ठ होत असेल, पोट फुगत असेल तर तेही नक्की सांगा. या आजाराच्या एका प्रकारात मोठ्या आतड्यात मज्जापेशी नसतात आणि त्यावर वेगळे उपचार लागतात.

म्हणजे हे नात्यातल्या लग्नामुळे झालं का? वार्डनबर्ग असेल तर बहुतेक वेळा नाही. तो एका पालकाकडूनच येतो, इथे बहुधा वडिलांकडून, आणि प्रत्येक गरोदरपणात तो पुढे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. मात्र पुढे गेला तरी बहिरेपण येईलच असं नाही. आते-मामे किंवा मामा-भाचीच्या लग्नात वेगळ्या प्रकारचं बहिरेपण वाढतं. त्यात आईबाप दोघेही चांगलं ऐकतात, पण दोघांकडे बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत असते आणि प्रत्येक मुलाला धोका २५ टक्के. भारतात यात जीजेबी२ या जनुकातले बदल बरेच सापडतात. तुमच्या घरात दोन्ही धागे आहेत, म्हणून पुढच्या मुलाचं उत्तर अंदाजाने देता येणार नाही. जनुकीय तपासणी करा. बाळाचं २-३ मिली रक्त पुरतं, रिपोर्टला काही आठवडे लागतात. तो जेनेटिक समुपदेशकाकडूनच समजून घ्या, कारण 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला तर नुसत्या कागदावरून काही ठरवता येत नाही.

आणि एक विनंती: आईने ग्रहणात सुरी धरली, अमकं खाल्लं, हे बोलणं घरात बंद करा. त्याचा कानाशी काडीचा संबंध नाही. या बाईला येती दोन वर्षं रोज बाळाशी बोलायचं आहे, ती खचून चालणार नाही.

कारण सापडेपर्यंत बाकीचे अवयवही एकदा पाहून घ्यावेत. जन्मतः बहिऱ्या असलेल्या प्रत्येक मुलाचा ईसीजी झालाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. जर्वेल–लँग-नीलसन या दुर्मीळ सिंड्रोममध्ये बहिरेपणासोबत हृदयाच्या ठोक्याचा दोष असतो. मूल पळताना किंवा घाबरल्यावर बेशुद्ध पडतं, त्याला फिट समजून औषधं चालू होतात आणि खरा धोका तसाच राहतो. मूल दीड वर्षाचं होऊनही चालत नसेल तर अशर सिंड्रोमचा विचार हवा. त्यात आतल्या कानाचा तोलही गेलेला असतो आणि पुढे रातांधळेपणा येतो, म्हणून डोळ्यांचा पडदा तपासायचा. कानासमोर बारीक छिद्र किंवा मानेवर पाझरणारं छिद्र असेल तर मूत्रपिंडांची सोनोग्राफी. लघवीत रक्त आणि शाळेच्या वयात कमी होत जाणारं ऐकणं हे अल्पोर्ट या मूत्रपिंडाच्या आनुवंशिक आजाराचं लक्षण. आईच्या माहेरी कुणाचे कान जेंटामायसिन, अमिकासिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शननंतर गेले असतील तर ते प्रत्येक डॉक्टरला सांगा. हा दोष आईकडूनच मुलांत उतरतो. सीएमव्ही या विषाणूनेही बाळाचे कान जाऊ शकतात. त्याचा संसर्ग जन्मापासूनचा आहे हे सिद्ध करायला लघवी किंवा लाळ पहिल्या ३ आठवड्यांतच तपासावी लागते. तुमच्या बाळासाठी ती वेळ गेली.

यातल्या कुठल्याही तपासणीसाठी मशीन अडवून ठेवू नका. कानामागे लावायचं मशीन दोन्ही कानांना हवं. कानात बसणारा साचा, म्हणजे मोल्ड, बाळाच्या कानाच्या मापाचाच पाहिजे. पहिल्या वर्षात कान इतका वाढतो की दोन-तीन महिन्यांत मोल्ड सैल होतो आणि शिट्टी वाजू लागते. मग घरचे आवाज कमी करतात किंवा मशीन काढून ठेवतात. तसं करू नका, नवा मोल्ड घ्या. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसाळ्यात मोल्डच्या नळीत पाण्याचे थेंब धरतात आणि आवाज अडतो. रात्री सेल काढून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. सेलवरचा कागद काढल्यावर एक-दोन मिनिटं हवा लागू द्या, मगच बसवा. सेल बाळाच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर काही तासांत अन्ननलिका जळते, लगेच दवाखाना गाठा. कानात कोमट तेल तर कधीच नाही.

रोज सकाळी मशीन घातल्यावर बाळाच्या मागे बसा, तोंडासमोर कागद धरा आणि नेहमीच्या आवाजात एकेक म्हणा: आ, ऊ, ई, म, श, स. चोखणं थांबतं का, डोळे मोठे होतात का, ते वहीत लिहा. काल 'श' ऐकू येत होता आणि आज नाही, तर सेल, नळी किंवा कानातलं पाणी यापैकी काहीतरी बिघडलंय.

तीन ते सहा महिने मशीन वापरूनही बारीक आवाज पोचत नसतील तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र. वर्षाच्या आसपास ते करता येतं, त्याआधी एमआरआय आणि न्यूमोकोकलची लस. वार्डनबर्गच्या बहुतेक मुलांना त्याचा चांगला फायदा होतो. खर्चासाठी कर्नाटकाची 'श्रवण संजीवनी' योजना ६ वर्षांखालच्या मुलांना आहे. केंद्राच्या एडिप योजनेत जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची मर्यादा ५ वर्षं, आणि ते काम मुंबईची अली यावर जंग संस्था पाहते. मिरज-कोल्हापूरला जायचा विचार असेल तर आधी लेखी मंजुरी घ्या. आपलं रेशन कार्ड कर्नाटकाचं, आणि सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने योजना जाहीर केली असली तरी मंजुरी हातात आल्याशिवाय तिच्या भरवशावर ऑपरेशनची तारीख धरू नका. तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं आई-बाळाचं कार्ड), जन्मदाखला आणि आधारवर नावाचं स्पेलिंग आताच एक करून घ्या. कन्नडमधून इंग्रजीत जाताना ते हमखास बदलतं आणि फाइल परत येते.

ऐकायला-बोलायला शिकवणारी थेरपी कन्नडमध्ये मिळेल म्हणून घरी मोडकं कन्नड बोलू नका. थेरपिस्टकडून पद्धत शिका आणि घरी मराठीतच बोला. आईला जी भाषा मनमोकळी येते तीच बाळाला भरपूर मिळते. कन्नड शाळेत येईल. दूध ओतताना "दूध, गरम दूध, हे बघ दूध" असं, कानाजवळून, तीन फुटांच्या आत, टीव्ही बंद ठेवून.

बेरा झाली की दोन्ही कानांचे आकडे आणि टिंपॅनोमेट्रीचा प्रकार इथे लिहा, मशीन किती ताकदीचं लागेल ते सांगता येईल.