ब्रेन ट्यूमर: सोबतच्या माणसासाठी वेगळा ग्रुप शोधा

ताई, तुमची पोस्ट वाचली. मिस्टरांना ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली वेगाने वाढणारी कॅन्सरची गाठ, पुण्यात ऑपरेशन झालंय, रेडिएशन चालू आहे. कधी आवाज न चढवणारा माणूस आता ताट भिरकावतो, तुमच्यावर संशय घेतो. आणि हॉस्पिटलात सपोर्ट ग्रुपचं विचारलं तर 'पेशंटला घेऊन या' एवढंच उत्तर मिळतं. माझ्या बायकोच्या आजारात मी नेमका इथेच अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहीन ते तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणूनच वाचा.

बायकोची गाठ कपाळामागच्या भागात होती. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका, घरात सगळ्यात शांत तीच. ऑपरेशननंतर रात्ररात्र जागायची, मुलावर ओरडायची, भाजीत मी काहीतरी घालतो म्हणायची. घरात कुणी नजर काढली, कुणी बाहेरचं आहे म्हणालं. मुलगा तेव्हा दहावीला होता. आईला आपण नकोसे झालोय असं त्याच्या मनानं घेतलं आणि तो आत्याकडे राहायला गेला.

त्या दिवसांत मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या मदत कक्षात जात होतो. नाव लिहीत नाही. ग्रुपमध्ये यायचं तर फॉर्मवर पेशंटची सही हवी, असं तिथे सांगितलं. बायकोला पेन धरता येत नव्हतं, शब्द सापडत नव्हते. अंगठा चालेल का विचारलं, तर साहेबांना विचारून सांगतो म्हणाले आणि ते साहेब मला कधीच भेटले नाहीत. शेवटी तिला व्हीलचेअरवर घेऊन एका बैठकीला गेलो. तिथल्या बायका फार मायेच्या होत्या. बहुतेकींना स्तनाचा कॅन्सर होता. केस, विग, पुन्हा कामावर जाणं, असं बोलणं चाललं होतं आणि त्यांच्यासाठी ते योग्यच होतं. पण समोर बसलेलं माणूस आपलंच आहे आणि तरी ओळखू येत नाही, हे त्या खोलीत कुणाला सांगणार? पाचव्या मिनिटाला बायको रडायला लागली, आम्ही उठलो. नातेवाइकांसाठी वेगळं काही आहे का, असं मी कक्षात विचारलं. 'नातेवाइकांसाठी काही नसतं' म्हणत त्यांनी फोन नंबरांचा झेरॉक्स कागद हातात दिला. एक नंबर बंद, दुसऱ्यावर बेड भाड्याने देणारा, तिसऱ्या संस्थेचं काम फक्त लहान मुलांसाठी. पुढे कळलं की त्याच इमारतीत वर न्यूरोच्या ओपीडीतल्या सिस्टरांना ब्रेन ट्यूमरच्या नातेवाइकांचा एक ग्रुप माहीत होता. खालून वर एक फोन करायचं कष्ट कुणी घेतलं नाही. आजही आठवलं की राग येतो. मुलाचं दहावीचं वर्ष आईशी न बोलता गेलं ते या एका न केलेल्या फोनमुळे, असं मी मानतो.

माझा पहिला खरा ग्रुप भेटला तो रेडिएशनसाठी मुंबईला गेलो तेव्हा, परळला, मशीनबाहेरच्या बाकांवर. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवतात हे तुम्ही पाहिलंच असेल. बाहेर आल्यावर बराच वेळ कपाळावर, गालांवर चौकोनी वळ राहतात. त्या वळांवरून डोक्याचा पेशंट कोण हे बाकावरच्या सगळ्यांना कळायचं आणि त्यांचे नातेवाईक आपोआप शेजारी बसायचे. सोलापूरकडच्या एका काकूंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, 'डेक्सा किती चालू आहे?'

तोवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मेंदूची सूज उतरवायला देतात. ते लागतंच, पण काही पेशंटना त्याने झोप लागत नाही, चिडचिड होते, संशय येतो, साखर वाढते. फिटसाठी देतात त्या लेव्हेटिरासिटामनेही काहींचा स्वभाव तापट होतो. मी डॉक्टरांपुढे रोजची नोंदवही ठेवली: गोळी कधी, झोप किती, राग कधी. त्यांनी वेळ बदलली आणि डोस हळूहळू उतरवला. गाठ कपाळामागे, स्वभावावर ताबा ठेवणाऱ्या भागात असल्याने सगळा राग गेला नाही, पण रात्री झोप लागायला लागली. स्टेरॉइड मनाने कमी करू नका, एकदम बंद तर मुळीच करू नका, ते धोक्याचं असतं. मुलाला हे सगळं गोळीचं नाव घेऊन समजावलं, तेव्हा तो घरी आला.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की ब्रेन ट्यूमरला ब्रेन ट्यूमरचाच ग्रुप लागतो. आणि सोबतच्या माणसाला पेशंटशिवाय बसता येईल अशी जागा लागते. पेशंटसमोर तुम्ही खरं बोलणार नाही, बोलूही नये.

शोधायचं कुठे? मदत कक्षात नव्हे, न्यूरो-ऑन्कोलॉजीच्या (मेंदूच्या गाठींच्या) ओपीडीत आणि रेडिएशन विभागात. तिथले मेडिकल सोशल वर्कर आणि जुन्या सिस्टर यांना विचारा. प्रश्न असा विचारा: 'ब्रेन ट्यूमरच्या नातेवाइकांचा ग्रुप कुणी चालवतं का, आणि मी एकटी येऊ शकते का?' मुंबईत ब्रेन ट्युमर फाउंडेशन ऑफ इंडिया ही याच आजारासाठीची संस्था आहे, टाटा मेमोरियलच्या न्यूरो-ऑन्कोलॉजीतल्या मंडळींच्या कामातून उभी राहिलेली, तिथे आधी विचारा. व्ही केअर फाउंडेशन 1994 पासून मुंबईत आहे. त्यांचे स्वयंसेवक बरेचसे स्वतः कॅन्सरमधून गेलेले असतात. ती ब्रेन ट्यूमरपुरती संस्था नाही, पण ऐकून घेतात. दरवर्षी 8 जूनला जागतिक ब्रेन ट्यूमर दिन असतो. त्या आठवड्यात काही हॉस्पिटलांत पेशंट-नातेवाइकांचे मेळावे होतात. तिथे भाषणं सोडून द्या, चहाच्या वेळी फोन नंबर घ्या.

तुम्ही पुण्यात उपचार घेताय तर वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर लक्षात ठेवा. पॅलिएटिव्ह म्हटलं की शेवट जवळ आला असं लोक समजतात. तसं नाही, उपचार चालू असतानाही त्रास कमी करायला त्यांची मदत घेता येते आणि घरच्यांशीही ते बोलतात. आमच्याकडे हे सांगायला कुणी नव्हतं.

इंग्रजी वाचता येत असेल तर ब्रिटनच्या द ब्रेन ट्यूमर चॅरिटीचे फेसबुकवर बंद ग्रुप आहेत, त्यात सांभाळ करणाऱ्यांचा वेगळा आहे. आपल्याकडे रात्री दोनला झोप लागत नाही तेव्हा ब्रिटनमध्ये रात्रीचे साडेआठ-साडेनऊच झालेले असतात, त्यामुळे अशा ग्रुपात कुणीतरी जागं सापडतं. मराठीतच बोलायचं असेल आणि फारच कोंडल्यासारखं झालं तर सरकारचा टेलिमानस हा मनाच्या त्रासासाठीचा फोन नंबर आहे, 14416. तो ग्रुप नाही, पण पलीकडे माणूस असतो.

व्हॉट्सॅप ग्रुपबद्दल माझी मतं जरा कडक आहेत, सगळ्यांना पटतील असं नाही. जिथे गाठ विरघळवणारा काढा विकला जातो तिथून त्याच दिवशी बाहेर पडा. एमआरआयचे फोटो नावासकट टाकू नका. ग्रेड 2 चा, म्हणजे हळू वाढणाऱ्या गाठीचा पेशंट दहा-बारा वर्षं नोकरी करतोय हे वाचून आनंद मानावा, पण त्याची औषधं आणि त्याचे दिवस आपल्याला लावू नयेत, तो आजारच वेगळा. आणि अशा ग्रुपात कुणाचा ना कुणाचा पेशंट दगावतो, नेहमी बोलणारी ताई एक दिवस फक्त फोटो टाकते. ते सोसवणार नसेल तर सुरुवातीला ग्रुप म्यूट ठेवा आणि एक-दोघांशीच फोनवर बोला. मी तसंच केलं.

विषय सोडून एक गोष्ट, पण राहवत नाही. या आजारात काहींची सही बदलते, पुढे जमतही नाही. मिस्टरांना समजतंय तोवर नॉमिनी, जॉइंट खातं, विम्याचे कागद बघून घ्या. त्यांना विचारून, त्यांच्यासमोर.

ग्रुपला जाल त्या दुपारी घरी कुणाला तरी बसवा, आणि फिट आली तर काय करायचं ते त्याला आधी दाखवून ठेवा: कुशीवर वळवायचं, हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा, पाणी काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा म्हणजे डॉक्टरांना दाखवता येतो. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108.