नाशिकहून तीन दिवसांत समुद्र आणि किल्ले दोन्ही बघायचे आहेत, अलिबाग बरं की तारकर्ली?

तीन दिवस, स्वतःची गाडी आणि सोबत चौथी-सातवीतली मुलं, असं तुम्ही लिहिलंय. मग दोन्हीकडे नका जाऊ. तारकर्लीला जाण्यायेण्यातच दोन दिवस खर्ची पडतील, आणि जोडून सुट्टी आली की अलिबागला अख्खी मुंबई तुमच्या आधी पोहोचलेली असते. नाशिककराच्या हाकेवरचा समुद्र पालघरचा. नुकतेच इथे राहायला आलात म्हणून तुम्हाला माहीत नसेल, पण जन्म इथे काढलेल्यांनाही हे सुचत नाही, त्यात मीही होतो.

आपल्याकडे माणूस त्र्यंबकला जातो, दर्शन घेतो आणि गाडी वळवतो. न वळवता तसेच पुढे घाट उतरलात की मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर करत पालघर. सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास. त्र्यंबकच्या डोंगरांतून गोदावरी पूर्वेला जाते आणि वैतरणा पश्चिमेला. तुम्ही साधारण वैतरणेच्या वाटेनेच समुद्राकडे निघालेले असता. मुलांना हे गाडीतच सांगून ठेवा, तिसऱ्या दिवशी कामाला येतं.

जव्हारला चहा आणि तासभर. मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा बाहेरून बघितला तरी पुरे. त्यापेक्षा शिरपामाळावर जा. १६६४ साली सुरतेला जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला होता. म्हणजे महाराजही त्र्यंबक-जव्हार रस्त्यानेच गेले, असं म्हटलं की मुलं लगेच खिडकीबाहेर बघायला लागतात. दाभोसा धबधबा पावसाळा संपता संपता गेलात तरच, उन्हाळ्यात वळू नका.

मुक्काम केळव्याला, दोन रात्री. सुरूची बाग, शितलादेवीचं देऊळ, आत वाडीवाडीत नागवेलीच्या पानांचे मळे. सुरूच्या झाडांत एक बुटका भुईकोट आहे, कित्येक वर्षं वाळूत गाडला गेलेला. पण खरी मजा खाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पाणकोटाची. लांबून तो थेट गलबतासारखा दिसतो आणि ओहोटीला तिथे चालत जाता येतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही दुपारी निवांत जेवून निघालो. पोहोचलो तर चारही बाजूंनी पाणी. काठावरून फोटो काढले आणि तोंड पाडून परत आलो. संध्याकाळी जिथे जेवायला होतो त्या खानावळीतल्या मावशी हसल्या आणि म्हणाल्या, 'कालनिर्णय बघून निघायचं ना!' त्यांचा हिशोब असा: त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि पाऊणने गुणायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. त्यात सहा तास पुढे-मागे केले की ओहोटी. म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊची ओहोटी, तुम्ही साडेआठला निघायचं आणि पाणी वळायच्या आत परत यायचं. चिखलात चपला रुततात, पायांत पट्ट्याच्या सँडल असू द्या. खाडीच्या तोंडाशी पोहायला मात्र अजिबात उतरू नका, तिथली पाण्याची ओढ वरून दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार रिकामी उरली तर शिरगावचा किल्ला करा. आटोपशीर आहे, अर्ध्या तासात होतो. आतला फांद्या फुटलेला ताड बघायला विसरू नका, रावणताड म्हणतात त्याला. डहाणू-बोर्डीही छान आहे, पण ते चिकूच्या वाड्यांसाठी वेगळं काढा, या तीन दिवसांत कोंबू नका.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघून अर्नाळा. किल्ला बेटावर आहे, होडीने थोडक्यात पलीकडे. आमच्या वेळी चढता-उतरताना पँट गुडघ्यापर्यंत दुमडावी लागली होती, त्यामुळे मुलांचे जादा कपडे वरच्या पिशवीत ठेवा. बेटावर कोळी वस्ती, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, त्या वासाला मुलं आधी नाक मुरडतात. मराठ्यांनी हे बेट १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतलं. दरवाज्यावर हत्ती आणि वाघ कोरलेत. आत अष्टकोनी तळं आहे आणि त्याच्या काठी देऊळ कुणाचं, तर त्र्यंबकेश्वराचं! आणि वैतरणा समुद्राला मिळते ती इथेच, या बेटाच्या उत्तरेला. पहिल्या दिवशी गाडीत सांगितलेली गोष्ट इथे पूर्ण होते.

मग वसई. चिमाजीअप्पांनी मे १७३९ मध्ये हा किल्ला घेतला, त्याआधी दोनशे वर्षं पोर्तुगीज इथे होते. पसारा मोठा आहे, सगळं बघायचा हट्ट धरलात तर मुलं रडकुंडीला येतील. फक्त दोन ठिकाणं करा. एक, फ्रान्सिस्कन चर्च, त्याच्या जमिनीत थडग्यांचे कोरीव दगड बसवलेत. दुसरं, सेंट जोसेफचा मनोरा. चर्चं इथे ओळीने उभी आहेत, पण त्यांच्या घंटा गेल्या. त्यातली एक आपल्याकडे असल्याचं सांगतात. पंचवटीत रामेश्वराच्या देवळाच्या तटावर जी नारोशंकराची घंटा आहे ना, तीच. तिच्यावर १७२१ साल आहे आणि वसईच्या विजयानंतर ती पेशव्यांचे सरदार नारोशंकर यांना मिळाली, असं आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात. गोदावरीला पूर आला की पाणी घंटेला लागलं का, हे विचारणारे आपण. तिचं मूळ घर बघायला मी चाळिशी उलटल्यावर गेलो. तुम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी मुलांना पंचवटीत नेऊन ती दाखवा, म्हणजे वसईत वर बघताना काय शोधायचं ते त्यांना कळेल.

परतताना त्याच रस्त्याने येऊ नका. शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीला या. हे देऊळ चिमाजीअप्पांनी वसईसाठी बोललेल्या नवसाचं, जवळच गरम पाण्याची कुंडं. तिथून भिवंडीकडून कसारा घाट. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ धरा, पावसाळ्यात अर्नाळ्याचा बेत नकोच. वसईच्या बाजारात सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, मिळाली तर जरा जास्त घ्या, आमची घाट चढायच्या आत संपली होती.