सायकलवाल्यांचे प्रश्न : नागपूरजवळ घाट कुठाय?

थंडी पडली की सायकलचे प्रश्न वाढतात. यावेळी तर जवळजवळ सगळेच रस्त्यांबद्दल आलेत, त्यामुळे ब्रेक-चेनवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थोडी कळ काढावी.

प्रश्न : दिवाळीत रोड बाईक घेतली. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स करून करून कंटाळा आला. पुण्याचे मित्र दर रविवारी सिंहगडाचे फोटो टाकतात. आपल्याकडे चढ म्हणून काही आहे का नाही? शंभर किलोमीटरच्या आत एखादा घाट सांगा. (मानेवाडा)

उत्तर : भाऊ, आधी तो सिंहगड डोक्यातून काढा. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आणि आजूबाजूचा मुलूखही त्याच्याच आगेमागे, त्यामुळे सकाळी घाट चढून दुपारी जेवायला घरी हे सुख आपल्या वाट्याला नाही. पण चढच नाहीत असं कोणी सांगितलं? आपलं शहर बसलंय दख्खनच्या काळ्या दगडाच्या पार पूर्वेकडच्या काठावर, म्हणजे पश्चिमेला कळमेश्वर, काटोल, कोंढाळी, हिंगणा या बाजूला तो काळा दगड आणि जमीन सारखी वर-खाली, आणि पूर्वेला मौद्याकडे निघालात की धानाच्या बांध्या सुरू आणि रस्ता पाटासारखा सपाट. चढ पाहिजे तर मावळतीकडे जा, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

सुरुवात काटोल रोडने करा. गोरेवाडा मागे टाकला, फेटरी गेली की शहर सुटतं, मग कळमेश्वर, तिथून धापेवाडा आणि पुढे आदासा. यातला एकही चढ नाव घेण्यासारखा नाही, पण एक संपला की उतार, उतार संपायच्या आत दुसरा, आणि परत येताना तेच सगळं उलट्या बाजूने, त्यामुळे जाऊन-येऊन ऐंशीच्या आसपास किलोमीटर झाले की मांड्या बरोब्बर सांगतात की आज काय केलं. धापेवाड्याला चंद्रभागा नदी आणि विठोबाचं देऊळ, याला विदर्भाचं पंढरपूर म्हणतात, आषाढातल्या यात्रेच्या दिवसांत तिकडे सायकल नेऊ नका, रस्ताच दिसत नाही. आदासाचा गणपती टेकडीवर आहे, खालून वरपर्यंतचा तो तुकडा छोटा पण तिरपा आहे, तुमची सिंहगडाची हौस तिथे थोडीफार भागेल. परत येताना सावनेरवरून हायवेने यायचा मोह होईल, नका येऊ, त्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत आणि डंपरवाले सायकलवाल्याला मोजत नाहीत. आल्या रस्त्याने परत या.

पायात दम आला की मग काटोलपर्यंत जा आणि तिथून कोंढाळीचा रस्ता धरा. वीसेक किलोमीटरचा तो तुकडा मला या पूर्ण भागातला सगळ्यात आवडता, झाडी आहे, वळणं आहेत, संत्र्याचे बगीचे आहेत, आणि बराच वेळ मागून हॉर्न येत नाही. कोंढाळीपासून अमरावती रोडने परत, तेवढं हायवेचं सोसावं लागतं. सगळा फेरा सव्वाशे-एकशेतीसचा. नोव्हेंबर-डिसेंबरात गेलात तर आंबिया बहाराचा तोडा चालू असतो, फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराचा, बगीच्यावाल्याला विचारून घ्या, बहुतेक वेळा चार संत्र्यांचे पैसे घेतच नाहीत. एक सांगतो, त्याच दिवसांत कापसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर पहाटे निघतात, कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला आणि मागे लाईटचा पत्ता नाही, तेव्हा उजाडायच्या आधी तुमचा पुढचा लाईट चांगला पाहिजे, नुसता ब्लिंकर चालणार नाही.

वेळ कमी असेल तर हिंगण्यावरून मोहगाव झिलपीचा तलाव. एमआयडीसीची पहिली शिफ्ट भरायच्या आधी हिंगणा ओलांडा, पुढे मजा आहे.

आणि खराखुरा घाटच पाहिजे असेल तर छिंदवाडा रोडवर सौंसर, रामाकोना गेल्यावर सिल्लेवानीचा घाट लागतो, सातपुडा चढून तुम्ही पठारावर येता, छिंदवाडा ६७५ मीटरच्या आसपास आहे म्हणजे आपल्या दुपटीपेक्षा जास्त उंच. सौंसर मध्य प्रदेशात असलं तरी चहावाला मराठीतच बोलतो, तिकडे काही परकं वाटत नाही. पण तो नॅशनल हायवे आहे, ट्रक आहेत, जाऊन-येऊन शंभरात बसत नाही, म्हणून तुम्हाला मी आत्ता तिकडे पाठवणार नाही. मी स्वतः रस्ता निवडताना आधी ट्रक किती ते बघतो, चढ किती ते नंतर. कोणत्याही जिल्हा मार्गावर सकाळी सातला उभं राहून पाच मिनिटं गाड्या मोजा, रस्ता कसा आहे ते ॲपपेक्षा लवकर कळतं.

प्रश्न : समृद्धी महामार्गावर सायकल चालवता येते का? रस्ता इतका मस्त आहे! (वर्धा रोड)

उत्तर : नाही. टू-व्हीलरलाही बंदी आहे तिथे, तुम्ही तर पायडल मारणार. पुलावरून बघून घ्या.

प्रश्न : आम्ही चार-पाच मैत्रिणी डिसेंबरात चिखलदरा सायकलने चढायचं म्हणतोय. वय चाळीस ते पन्नास, सगळ्यांनी सत्तर-ऐंशी किलोमीटर केलेत पण सपाटीवर. नागपूरपासूनच निघावं का? गिअर कोणते लागतील? आणि जंगलाची भीती वाटते ते वेगळंच. (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : ताई, नागपूरपासून निघू नका. सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे ते, आणि त्यातला बराचसा हायवे, त्यात सुख काहीच नाही. सायकली गाडीवर टाकून आदल्या दिवशी अमरावतीवरून परतवाड्याला जा, तिथे मुक्काम करा, आणि नीट उजाडलं की निघा. खरी राईड तिथून आहे.

परतवाडा-अचलपूर ३७० मीटरच्या आसपास, चिखलदरा १११८. म्हणजे साडेसातशे मीटर चढायचंय, तीसेक किलोमीटरमध्ये. सरासरी काढली तर चढ अडीच टक्क्यांच्या आसपास निघतो आणि ऐकून वाटतं हे तर काहीच नाही, पण सरासरीवर जाऊ नका बाप्पा, सुरुवातीचा रस्ता जवळपास सपाट आहे आणि सगळी उंची पुढे गोळा करून ठेवलीय. घटांगवरून जाणारा एक रस्ता आणि धामणगाव गढीवरून दुसरा, दोन्ही चालतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी परतवाड्यातच एखाद्या जीपवाल्याला विचारा की कोणता रस्ता उकरून ठेवलाय, पावसाळ्यानंतर कुठे ना कुठे काम चालू असतंच.

आता गिअर. पुढे पायडलजवळची लहान चेनरिंग ३४ दातांची आणि मागच्या चाकावरच्या कॅसेटमधली सगळ्यात मोठी चकती ३२ दातांची असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सव्वादोन मीटर सरकते, मिनिटाला सत्तर फेरे धरले तर वेग येतो ताशी साडेनऊच्या जवळ. मागे २८ च असेल तर तेवढ्याच फेऱ्यांना पावणेअकराने जावं लागेल, आणि पाचव्या-सहाव्या चढाला ते जमत नाही, मग फेरे पन्नासवर येतात आणि सगळा भार गुडघ्यावर. कॅसेट बदलायला फार खर्च येत नाही, पण आपल्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो त्याला, ३२ चालतो का ते मेकॅनिकला आधी विचारा. हायब्रिड किंवा एमटीबी (माउंटन बाईक) असेल तर गिअरची चिंताच नाही, हळू जाल पण जाल. तीन ते साडेतीन तास धरा, अधेमधे थांबून चार. घाईचं काय आहे त्यात? १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या फौजेने गाविलगड घेताना याच डोंगरांतून तोफा ओढत वर नेल्या होत्या, तुम्हाला फक्त दहा-अकरा किलोची सायकल न्यायचीय.

खाण्याचं म्हणाल तर परतवाड्यात रिकाम्या पोटी निघू नका, पण तर्री पोहेही नकोत, पहिल्या चढाला तर्री आठवण करून देते. केळी, भिजवलेले खजूर, चिक्की खिशात ठेवा आणि भूक लागायची वाट न बघता दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडं थोडं खा. थंडीत तहान कळत नाही, तरी दोन बाटल्या लागतातच.

जंगलाचं. भीती वाटते ते बरोबरच आहे, मेळघाट आहे तो, व्याघ्रप्रकल्प आहे आणि अस्वलंही आहेत. अंधारात चालवायचं नाही, पहाटेही नाही आणि संध्याकाळीही नाही. कानात इअरफोन नाही. सगळ्या जणी नजरेच्या टप्प्यात राहा, सगळ्यात हळू जाणारी पुढे आणि सगळ्यात दमदार मागे, उलटं केलं की ग्रुप तुटतो. गाडी घेऊन कोणी मागे येणार असेल तर त्याला सांगा की चिकटून चालू नको, पुढच्या फाट्यावर जाऊन थांब.

उतरताना जास्त जपा, लोक चढायची तयारी करतात आणि पडतात उतरताना. हात ड्रॉपवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर, ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग मारायचा आणि वळणात सोडून द्यायचा. वळणाच्या आतल्या कडेला बारीक गिट्टी जमलेली असते, ती दिसतच नाही. सकाळी वर चांगलीच थंडी असते, तेव्हा उतरायला विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे पाहिजेत, बोटं गारठली की ब्रेक लिव्हर ओढल्याचं कळत नाही. आणि वर पोचल्यावर कॉफी प्या, चिखलदऱ्याला कॉफीचे मळे आहेत, अख्ख्या महाराष्ट्रात हे कौतुक फक्त तिथलं.

प्रश्न : गावाकडच्या रस्त्याला गेलो की पंक्चर ठरलेलं. नवीन ट्यूब टाकली तरी दहा मिनिटांत पुन्हा बसते. टायर खराब आहे काय? (कामठी)

उत्तर : टायर नाही, बाभळीचा काटा. शेताच्या कुंपणाच्या फांद्या छाटल्या की काटे रस्त्याच्या कडेला येतात आणि आपण नेमके कडेने जातो. काटा टायरमध्ये घुसून बाहेरून तुटतो, आत दोन मिलिमीटरचं टोक राहतं, बाहेरून बघितलं तर काहीच दिसत नाही. नवीन ट्यूब टाकली की तेच टोक तिला टोचतं. टायर पूर्ण काढा, उलटा करा, आणि आतून कापसाचा बोळा गोल फिरवा, जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे काटा. बोट फिरवू नका, बोटात घुसतो. बारीक चिमटा किटमध्ये ठेवायचाच. काटा निघाला की जुनी ट्यूब त्याच जागी धरून बघा, भोक तिथेच असेल तर तोच चोर, नसेल तर अजून एक काटा आहे, शोधा.

चाकाला जागा असेल तर २८ किंवा ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर टाका. लोक शंभर-एकशेदहा हवा भरून दगडासारखं चाक करतात, ७०-७५ किलोच्या माणसाला २८ च्या टायरला ७५-८० पीएसआय पुष्कळ झाले. त्याने काटा थांबणार नाही हो, पण खडबडीत डांबरावर हात झिणझिणत नाहीत.

प्रश्न : वय ६४, निवृत्त. गुडघे कुरकुरतात म्हणून डॉक्टरांनीच सायकल चालवा सांगितलं. रामटेकला सायकलने जाऊन यायची फार इच्छा आहे, पन्नास किलोमीटर एका बाजूने जमेल का? (धरमपेठ)

उत्तर : काका, जमेलही, पण कामठी-कन्हान-मनसर हा जबलपूरचा हायवे आहे आणि त्यात बघण्यासारखं कमी, सांभाळण्यासारखं जास्त. त्यापेक्षा सायकल गाडीत टाका, रामटेकला उतरा आणि तिथे चालवा. खिंडसीच्या तलावाकडे जा, मग नगरधनकडे, वाकाटकांची नंदिवर्धन राजधानी ती हीच म्हणतात, किल्ला बघा आणि परत या. रस्ता सपाट, गाड्या कमी, तीस-पस्तीस किलोमीटर आरामात होतात. गडावर सायकल चढवायची असेल तर चढवा, नाही जमलं तर उतरून ढकला, कोणी बघत नाही. वर माकडं फार आहेत, हँडलला खाण्याची पिशवी लटकवून सायकल सोडून जाऊ नका.

गुडघ्यांसाठी सीटची उंची तपासा. भिंतीला टेकून सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली आणा, त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवलं की गुडघ्याला आपोआप थोडा बाक राहतो. बहुतेक जण सीट फार खाली ठेवतात आणि दोष गुडघ्याला देतात. सीट एकदम वर करू नका, दर दोन-तीन दिवसांनी अर्धा सेंटीमीटर. महिनाभर अंबाझरीच्या बाजूला चालवा, आणि दुखणं वाढलं तर रामटेक पुढे ढकला आणि डॉक्टरांना पुन्हा दाखवा.