पाटाकाठची प्रश्नोत्तरे : बोर्ड लागला, पाणी कुठाय?

(पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले आमचे स्तंभलेखक वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : आमची पाणी वापर संस्था, म्हणजे कालव्याचं पाणी आपसांत वाटून घेणारी शेतकऱ्यांची संस्था, नोंदवून बरीच वर्षं झाली. बोर्ड आहे, शिक्का आहे, चहापाण्याचा खर्चही आहे. पण आमची जमीन चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे येणाऱ्या छोट्या पाटाच्या, शेपटाला. वरचे उसवाले रात्री पाइप टाकून पाणी ओढतात आणि आमच्या बांधावर पाळी (कालवा सोडण्याची मुदत) संपता संपता नुसता चिखल येतो. खात्यात गेलं की म्हणतात, ‘आता संस्थेला विचारा.’ संस्था म्हणते, ‘खात्यानंच कमी सोडलं.’ मग ही भागीदारी कुणाच्या कामाची? — एक शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : दोघंही खरं बोलत असतील, दोघंही खोटं बोलत असतील. कोण खरं ते ठरवायला तुमच्याकडे काही साधन नाही, आणि तुमचं दुखणं नेमकं तेच आहे.

तुमच्या चारीच्या तोंडाशी पाणी मोजायची सोय आहे का? असली तर पाण्याची उंची दाखवणाऱ्या पट्टीवरचे आकडे वाचता येतात का? माझ्या नोकरीत मी शेवाळानं माखलेल्या पट्ट्या खूप पाहिल्या. एका ठिकाणी तर पट्टीच्या खाचेत बाभळीचं खोड अडकलेलं होतं आणि रजिस्टरमध्ये रोजचा विसर्ग मात्र अगदी सुबक अक्षरात भरलेला. असो, तो विषय निवृत्तीवेतन सुरू असेतो नको.

पूर्वी शेतकरी नमुना ७, म्हणजे पाण्याच्या मागणीचा अर्ज, भरायचा, पीक आणि क्षेत्र पाहून आकारणी व्हायची. किती पाणी गेलं हे कुणी विचारत नसे. सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या २००५च्या कायद्यानं ते बदललं. आता खातं संस्थेला मोजून पाणी देणार, संस्था त्याचे पैसे भरणार, आणि कोणतं पीक घ्यायचं ते शेतकरी ठरवणार. सगळा डोलारा ‘मोजून’ या एका गोष्टीवर उभा आहे. मोजमाप नसेल तर संस्था म्हणजे पाणीपट्टी गोळा करणारा बिनपगारी कारकून.

हिशेब अवघड नाही. एक क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) पाणी २४ तास चाललं तर सुमारे २,४४६ घनमीटर भरतं. एक हेक्टर १० सेंटिमीटर भिजवायला १,००० घनमीटर लागतात. समजा, चारीला पाच क्युसेक सोडलं असं खात्याचं म्हणणं आहे. वाटेतला नाश एक तृतीयांश धरला तरी दिवसाकाठी आठ हेक्टर भिजायला पाहिजे. चारच भिजलं, तर एक तर तोंडाशी पाच नव्हतं, नाही तर मधे कुणी तरी ओढलं. सकाळ-संध्याकाळ पट्टी वाचताना खात्याचं आणि संस्थेचं अशी दोन्ही माणसं हजर ठेवा आणि वहीत दोघांच्या सह्या घ्या. मग निदान कुणाशी भांडायचं ते तरी कळेल.

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचं पाहा. ओझर हे गाव त्याच्या कालव्याच्या शेपटाला, म्हणजे तुमच्यासारखंच. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या खटपटीतून तिथे १९९०-९१च्या सुमारास महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन संस्था उभ्या राहिल्या. कायदा यायला अजून दीड दशक होतं, तरी त्यांनी खात्याशी करार करून आपल्या हिश्शाचं पाणी कागदावर आणलं. त्यातलं काही पाणी त्यांनी ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडलं, म्हणजे विहिरी भरल्या. विहीर भरलेली असली की पाळी चार दिवस पुढे गेली तरी पिकाचा जीव जात नाही, द्राक्षासारखं पीक घ्यायची हिंमत होते. पुढे सगळ्या प्रकल्पावर २४ संस्था झाल्या आणि त्यांनी मिळून प्रकल्पाची एक संस्था केली. मला वाटतं, शेपटाकडून सुरुवात झाली यातच निम्मं यश होतं. ज्याला पाणी आपसूक मिळतं तो संस्था कशाला काढेल?

उरले तुमचे उसवाले. त्यांना शिव्या घालून काही होणार नाही. पुढची पाळी कधी येईल, येईल की नाही, याचा भरवसा नसतो म्हणून माणूस हाताशी आलेलं पाणी ओढून घेतो, उसाला गरज असो वा नसो. १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे त्यावरून वर्षाचं नियोजन होतं. तो आकडा मागून घ्या, आपल्या हिश्शाला किती येतं ते काढा, आणि पाळ्यांच्या तारखा गावाच्या पारावर लावा. तारीख पाळली गेली की रात्रीचे पाइप कमी होतात. शेजपाळी, म्हणजे शेतांना ओळीनं पाणी द्यायचा क्रम, शेपटाकडून वर न्यायची हा नियम जुनाच आहे, तो लावून धरा. आणि एक विचारतो, राग मानू नका. कायद्यानं संचालक मंडळात शिराच्या, मधल्या आणि शेपटाच्या शेतकऱ्यांना सारख्या जागा दिल्यात. तुमच्या शेपटाचे संचालक बैठकीला जातात, की सहीचं रजिस्टर घरी येतं?

प्रश्न : एक कंपनी आमच्या गावचा पाझर तलाव स्वखर्चानं गाळमुक्त करून द्यायला तयार आहे. सगळे खूश आहेत. पण तलावाखालच्या काही जणांनी प्लॅस्टिक अंथरलेली मोठी शेततळी केलीत, ती विहिरीतून भरतात, आणि उन्हाळ्यात आम्हा बायकांना टँकरची वाट पाहावी लागते. गाळ काढून आमचं पाणी वाढेल का? — बचत गटाची अध्यक्षा, जालना जिल्हा

उत्तर : ताई, तलावात वाढेल. तुमच्या हंड्यात वाढेलच असं नाही.

पावसाचं वाहतं पाणी धरलेलं शेततळं वेगळं आणि विहिरीतून भरलेलं शेततळं वेगळं. दुसऱ्या प्रकारात जमिनीखाली सावलीत असलेलं, सगळ्यांचं पाणी एकाच्या प्लॅस्टिकवर उन्हात येतं, आणि त्यातलं बरंच वाफ होऊन जातं. गाळ काढल्यावर तलाव जास्त झिरपला, विहिरी जास्त भरल्या, तर मोटारीही जास्त वेळ चालतील. फायदा कुणाचा ते तुम्हीच ओळखलंय.

म्हणून पोकलेन येण्याआधी ग्रामसभा घ्या. गाळ कुणाला किती, हे ठरवाच. २०१७पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत वाहतुकीचा खर्च शेतकऱ्यावर असायचा, त्यामुळे ट्रॅक्टरवाल्यांच्या शेतात गाळ गेला आणि इतर बघत राहिले, असं मी पाहिलंय. पण त्याहून आधी पाण्याचा ठराव हवा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं शेतीसाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवायची पद्धत पाडली. पाऊस कमी झाला की आधी पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग रब्बीचं बोलायचं. त्याच्याही आधी, १९७२च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, एवढ्यालाच पाणी, ऊस नाही आणि भूमिहीनालाही हिस्सा, असे नियम केले. आजही ते वाचताना भले भले चुळबुळतात.

कायदाही तुमच्या बाजूला थोडा आहे. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, हे १९९३पासून आहे. भूजलाच्या २००९च्या कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना आडकाठी केली. अंमलबजावणी कोण करतं, विचारू नका. पण ग्रामसभेत कागद काढून वाचला की आवाज जरा खाली येतात. कंपनीच्या माणसालाही त्या सभेला बोलवा. कंपनी फोटोपुरती आली असेल तर तिथेच कळेल.

प्रश्न : आम्ही काही मित्र परदेशात आहोत. गावच्या जलसंधारणाला पैसे पाठवायचे आहेत. बंधारा बांधावा की तळं? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही नको. बांधकामाला पैसे देणारे पुष्कळ भेटतात, पुढारी नारळ फोडायला तयारच असतात. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीत, शेतकरी शेकडो वर्षं पाटकऱ्याला आणि जागल्याला स्वतः मेहनताना देत आले. पाणी फिरवायला आणि राखायला माणूस लागतो, तो फुकट राबत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तुमच्या गावात पर्जन्यमापक बसवा, आठ-दहा विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून फळ्यावर लिहिणारा एखादा तरुण किंवा तरुणी नेमा, आणि तीन वर्षांच्या पगाराची सोय करा. चौथ्या वर्षापासून पगार गावानं द्यायचा, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. गाव नाही म्हणालं, तर पैसे पाठवू नका.