विश्वामित्रीत मोठा मासा धरायचाय?

अरे, वडोदऱ्यात काळा घोड्याच्या पुलावरून विश्वामित्री नदीत मोठे रोहू मासे दिसले म्हणून खाली उतरू नकोस. विश्वामित्रीत मगरी आहेत, अगदी भर वस्तीत. २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांत शिरल्या होत्या. काठाच्या मातीत त्यांची बिळं असतात, आणि उन्हाळ्यात मादी अंडी राखत बसलेली असते. संध्याकाळी पाण्याला लागून उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मगरीला संरक्षण आहे. गळाला अडकली तर भलताच प्रसंग ओढवेल. पाण्यात शहराचं सांडपाणी येतं, त्यामुळे तिथला मासा खाण्यालायकही नाही.

शिकायचंच असेल तर मगर नसलेल्या तळ्यावर जा, मालकाला विचारून. आता खरी गोष्ट ऐक. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून आधी फ्लोटची, म्हणजे गळ हव्या खोलीवर ठेवणाऱ्या तरंगत्या बोंडाची उंची, मग आमिष. कणीक, भाजलेलं बेसन आणि थोडा हिंग घट्ट मळून सुपारीएवढा गोळा लाव. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, ०.३५ मिलीमीटरचा पुरे. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी किती ओढीला सुटेल ते ठरवणारा ब्रेक, मात्र तंगुसाच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच आवळ: नाहीतर मोठा रोहू पहिल्या धावेतच तंगूस तोडतो. तेव्हा ओढू नकोस, काठी उंच धर, पळू दे त्याला. दमला की हातजाळ्यात घे. अंगठ्याने ओढून दोरी थांबवायला गेलास तर बोट कापेल.

पावसाळ्यात पोटात अंडी असलेली माशाची मादी मिळाली तर ओल्या हाताने लगेच सोड.