टोकियोतली चाळ

प्रश्न: मुलगा टोकियोत निशी कसाईला असतो, आम्ही दोघं महिनाभर जाणारोत त्याच्याकडे. देवळं, टॉवर मागच्या वेळी झाले. आता जुनं टोकियो कसं होतं ते बघायचंय पण काचेच्या कपाटातली भांडी बघत दोन तास उभं राहायला गुडघे तयार नाहीत, आणि जपानीतलं ओ की ठो कळत नाही. काय करावं? (एक वाचक, पुणे)

उत्तर: काकू, फुकागावा एदो म्युझियमला जा, एदो म्हणजे टोकियोचं जुनं नाव. निशी कसाईहून तोझाई लाइनने मोंझेन-नाकाचो, तिथे ओएदो लाइन पकडून पुढचंच स्टेशन कियोसुमी-शिराकावा, मग थोडं चालायचं. तिकीट ४०० येन. दुसऱ्या आणि चौथ्या सोमवारी बंद असतं हं.

काचेची कपाटं विसराच, आत अख्खा मोहल्लाच उभा केलाय, १८४० च्या आसपासचा, खऱ्या मापाचा. आधी वरून छपरं दिसतात, त्यातल्या एकावर मांजर बसलंय, खोटं आहे पण म्यांव करतं, मग खाली उतरून गल्लीत शिरायचं, तांदळाचं दुकान, भाजीवाला, आग दिसावी म्हणून बांधलेला उंच मनोरा, आणि मागे नागाया म्हणजे सरळ आपली चाळ हो! साधारण नऊ फूट बाय बारा फुटात बिऱ्हाड, विहीर सामायिक, संडास सामायिक आणि त्याला दार अर्धंच. त्या मैल्याचं खत व्हायचं, शेतकरी पैसे देऊन न्यायचे आणि ते पैसे चाळ सांभाळणाऱ्याच्या खिशात. विहिरीचं पाणी मात्र खारट, म्हणून प्यायचं पाणी होडीतून विकायला यायचं. घरात सामान कमी दिसेल, त्याला एक कारण गरिबी आणि दुसरं म्हणजे आगी सारख्या लागायच्या, जमवून करणार काय.

आणि चपला काढून घरात जाता येतं, वस्तूंना हात लावलेला चालतो. मी शिंपले विकणाऱ्याच्या घराच्या कडेला, आपण ओट्यावर बसतो ना तशी, पाय सोडून बसले आणि बराच वेळ उठलेच नाही, तिथल्या दिव्यांनीच दिवस-रात्र करतात, ते मंद होत रात्र झाली, परत सकाळ झाली. गुडघ्यांना हेच बरं. स्वयंसेवक काका-काकू असतात, भाषा नाही आली तरी हातवाऱ्यांनी भागतं.

लेस नसलेले बूट घाला, घराघराशी काढायचेत. आणि काकांच्या मोज्यांना भोक नाही ना, तेवढं निघतानाच बघा.