क्वांटम मोजमापासाठी बघणाऱ्याची जाणीव लागते का?

नाही, लागत नाही. अणू-रेणूंसारखा कण लाटेसारखा एकाच वेळी अनेक वाटांनी जाऊ शकतो, आणि मोजमाप झालं की हे लाटेसारखं वागणं संपतं. त्यासाठी कणाची माहिती आजूबाजूला कुठेही सांडली की पुरे, ती वाचायला माणूस असो वा नसो. याचा मला सगळ्यात पटलेला पुरावा म्हणजे व्हिएन्नातला २००४ सालचा प्रयोग. तिथे कार्बनच्या ७० अणूंचे रेणू लेझरने तापवून बारीक जाळ्यांमधून सोडले. रेणू फारसे तापलेले नसताना लाटेसारखे वागून पट्ट्यापट्ट्यांचा नमुना उमटवत होते. तापमान वाढवलं तसे ते, तापलेलं लोखंड लाल होतं तसे, वाटेतच प्रकाशकण सोडू लागले. नमुना पुसट होत गेला आणि सुमारे ३००० केल्विनपाशी नाहीसाच झाला. ते प्रकाशकण कोणी टिपत नव्हतं, बघत नव्हतं. रेणू कुठून गेला याची खबर फुटली, एवढंच झालं. ‘निरीक्षक’ या शब्दानेच खरा घोळ घातलाय. तिथे साधा हवेचा रेणूही चालतो. जाणिवेची बाजू भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये हिरिरीने मांडली होती, पण पुढे त्यांनीच ती सोडून दिली. एक मात्र लक्षात ठेवा: यातून नमुना का पुसला जातो ते कळतं, अनेक शक्यतांपैकी आपल्याला नेमकी एकच का दिसते, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.